भाव बदलायला नागपूरला फोन कशाला?

आमच्या शेतकरी गटाची वेबसाइट आधी नागपूरच्या एका पोट्ट्यानं कोड लिहून करून दिली होती. मृग बहाराची संत्री संपून महिना झाला, तरी पानावर आपलं 'माल उपलब्ध'! अन् पोट्टा फोन उचलेना. शेवटी वर्डप्रेसवर आलो. 2003 पासूनची ही सीएमएस, म्हणजे कोड न लिहिता वेबसाइटचा मजकूर सांभाळायची प्रणाली, फुकट आहे. खर्च डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंगचा (साइट ठेवायची भाड्याची जागा). आता वावरातूनच मोबाइलवर लॉगिन करायचं, भाव बदलायचा, सेव्ह करायचं. मजकूर डेटाबेसमध्ये आणि रूप थीममध्ये (दिसण्याचा तयार साचा) असल्यानं पानाची मांडणी बिघडत नाही.

सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करून घ्या. लिहिणाऱ्यांना 'संपादक' ही भूमिका द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड गावभर वाटू नका. मजकूर चुकून पुसला गेला तर जुनी आवृत्ती परत आणता येते. आमचं हळदीचं अख्खं पान असंच वाचलं. पाच-पाच एमबीचे फोटो मात्र तसेच चढवू नका, आपल्याकडच्या रेंजला पान उघडता उघडत नाही. प्लगइन (जादा सोयींसाठी जोडायचे छोटे प्रोग्राम) मोजकेच ठेवा, अपडेट करण्याआधी बॅकअप घ्या. आणि डोमेन गटाच्याच नावावर घ्या, करून देणाऱ्याच्या नाही.