नाताळचं झाड परसबागेत वापरताय? या चुका टाळा

आमच्या जालन्यात नाताळचं झाड म्हणजे बहुतेक घरी सुरूची मोठी फांदी. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की ती उतरते आणि संक्रांतीच्या आत उकिरड्यावर जाते. शेजारच्या मावशींना मी सांगूनच ठेवलंय, "टाकू नका, मला द्या." पण पहिल्या दोन वर्षांत मी त्या फांदीचं मातेरंच केलं.

पहिली चूक चमकीची. झाड झटकलं की झालं, असं वाटतं. मे महिन्यात आळं खुरपताना चंदेरी तुकडे निघायला लागले, ते आजही निघतात. चमकी, थर्माकोल, बारीक तार आधी हाताने वेचा. फवाऱ्याचा कृत्रिम बर्फ मारलेली फांदी मी घेतच नाही.

दुसरी चूक आशेची. सुरूच्या सुया, म्हणजे सुईसारख्या बारीक काड्या, टाकल्या की माती आंबट होते आणि लिंबाचा पिवळेपणा जातो, असं कुणीतरी सांगतं. आपली काळी माती चुनखडीची, सामू (pH) बहुधा ८च्या आसपास. टोपलंभर सुयांनी तो हलत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा असेल तर ती बहुधा लोहाची कमतरता. त्यावर फेरस सल्फेटची फवारणी किंवा चिलेटेड लोह द्या. सुया मात्र आच्छादनाला उत्तम. कोयत्याने बारीक करा, दोन-तीन इंच थर द्या, खोडापासून चार बोटं लांब ठेवा आणि पाणी थराखाली सोडा. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यावर नको. उगवण मार खाते. वाळलेला सुरू भडकन पेटतो, म्हणून ढीग चुलीजवळ रचू नका.

सगळ्यात महागात पडली ती वाळवी. जाड बुंधा दोडक्याच्या मांडवाला खांब म्हणून थेट जमिनीत रोवला. श्रावणात वेल फळांनी लगडला आणि एका रात्री मांडव आडवा. खांब उपसला तर खालचं वीतभर लाकूड नव्हतंच, नुसती मातीची नळी. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) पुरली तरी हेच होतं, हे माहीत असून केलं! आता खांब लोखंडी, आणि सुरूच्या बारीक फांद्या फक्त वाटाणा-घेवड्याच्या आधाराला, एका हंगामापुरत्या. जळकं ऑइल फासायचा सल्ला मिळेल. भाजीच्या वाफ्यात ते नको.

नाताळचं झाड म्हणून कुंडीतलं अरॉकेरिया आणलं असेल तर गोष्ट वेगळी, ते जिवंत आहे. उंची आवरायला शेंडा छाटू नका. नंतर ते सुबक आकार धरत नाही. उन्हाळाभर कुंडीतच, दुपारच्या सावलीत ठेवा. जमिनीत लावायचंच असेल तर पाऊस स्थिरावल्यावर, उंचवट्यावर लावा, कारण काळ्या रानात पाणी तुंबलं की मुळं कुजतात. आणि वर विजेची तार नाही ना, ते आधी बघा. नॉरफोक बेटावरच्या या जातीची झाडं पाच-सात मजली उंच होतात.