पुण्यात कॉलेजच्या पोरांची फेलोशिप सुरू करायचीय? आधी रविवारची मेस बघा

दरवर्षी ॲडमिशनच्या दिवसांत कोणीतरी फोन करतंच, दादा आमच्या चर्चच्या तरुण संघाला कॉलेजच्या पोरांची फेलोशिप, म्हणजे एकत्र बायबल वाचायचा आणि प्रार्थनेचा गट, सुरू करायचीय, कसं करू? आणि विचारायच्या आधीच त्यांच्या डोक्यात सगळं ठरलेलं असतं, हॉल, बॅनर, साउंड सिस्टीम, बाहेरचा स्पीकर. मी पण हेच केलं होतं पहिल्या वर्षी. दीडशे खुर्च्या मांडल्या, आले अकरा जण, त्यातले सात आपल्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधलेच, आणि एक तर साउंडवाला. समोसे आम्ही तीन दिवस खात होतो. तेव्हा हे जे खाली लिहितोय ते सगळं त्या समोशांनंतर शिकलेलं आहे, आणि ते पुण्याचं आहे, तुमच्या शहरात थोडं इकडंतिकडं करून घ्या.

तर पहिली गोष्ट, पोरं येतात कुठून ते बघा. राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, जालना, इकडून येणाऱ्यांमध्ये आपल्या ख्रिस्ती घरांतली बरीच असतात. गावात संडेस्कूल, तरुण संघ, नाताळचं नाटक सगळं केलेलं असतं, आणि इथं येऊन कुठंतरी कॉट बेसिसवर चार अनोळखी पोरांसोबत पडलेली असतात. एमपीएससीवाली तर पेठांमधल्या अभ्यासिकेत सकाळी सातला शिरतात ती रात्रीच बाहेर. आता असा पोरगा एखाद्या रविवारी कॅम्पातल्या इंग्रजी चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो, कोणी बोलत नाही, परत येतो, आणि मग पुढची तीन-चार वर्षं जातच नाही. घरी फोनवर सांगतो हो गेलो होतो म्हणून. म्हणून माझं मत, जे काय करायचं ते कॉलेज सुरू झाल्यापासून पहिल्या पाच-सहा आठवड्यांत. दिवाळीनंतर शोधायला निघालात तर त्याचं सगळं बस्तान बसलेलं असतं आणि त्यात तुम्ही नसता.

शोधायचं कसं? सोपं आहे, जून-जुलैत गावाकडच्या चर्चच्या पाळकांना फोन करायचे, यंदा तुमच्याकडून पुण्याला कोण कोण आलंय? नंबर मागताना पोराला विचारूनच द्या म्हणायचं, नाहीतर पोरांना वाटतं घरच्यांनी हेर लावलाय मागं. मग भेटायला जायचं, आणि पहिल्या भेटीत बायबल काढायचं नाही. खरंच नाही. त्याला काय हवंय ते विचारा. रूम मिळाली का, डबा बरा आहे का, अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं कुठं मिळतात ते दाखवा, पीएमपी बसचा पास काढायला सोबत जा. निघताना एक छोटी प्रार्थना चालेल का असं विचारा, हो म्हणाला तर करा, आणि छोटी म्हणजे छोटी, आपल्याकडं छोटी प्रार्थना वीस मिनिटांची असते.

आता रविवार. पुण्यात राहिलेल्या कोणालाही विचारा, रविवारी संध्याकाळी मेस बंद. सकाळी फीस्ट असते आणि रात्री पोरं वडापाव नाहीतर मॅगीवर असतात. आम्ही दोन वर्षं शनिवारी सकाळी बायबल अभ्यास ठेवून कोणी येत नाही म्हणून रडत होतो, एका मुलीनं सांगितलं दादा रविवारी सहाला ठेवा आणि खिचडी टाका. तेव्हापासून जागा कमी पडते. पण खिचडी फुकट ठेवू नका. प्रत्येकी वीस-तीस रुपये, ज्याच्याकडं नसतील त्यानं कांदे चिरायचे. एक तर खर्च निघतो, दुसरं म्हणजे कोणाला जेवणाच्या मिंधेपणात बसल्यासारखं वाटत नाही, आणि तिसरं, खायला घालून बाटवतात हे ऐकायची वेळ येत नाही. पुण्यात तर त्याला इतिहास आहे, १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा दिला, पुढं त्यावरून एवढं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं की लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताची वेळ आली. एका चहावरून! आपण तर खिचडी करतोय.

अभ्यासाला काय घ्यायचं? मार्कचं शुभवर्तमान, बायबलमधलं येशूच्या आयुष्यावरचं पुस्तक. सोळा अध्याय, आठवड्याला एक असं धरलं तर एक सेमिस्टर जवळपास संपतं, आणि गोष्ट पळते, पोरांना कंटाळा येत नाही. एखादा अध्याय लांबला तर लांबू द्या. रोमकरांस पत्रानं सुरुवात करणारे मी बघितलेत, तिसऱ्या आठवड्याला त्यांच्याकडं फक्त थिऑलॉजीवाले उरतात. पद्धत अशी की उतारा मोठ्यानं वाचायचा, मग तीनच प्रश्न, इथं नेमकं काय घडलं, याचा अर्थ काय, आणि आपल्या आठवड्यात याचं काय. पहिल्या प्रश्नावर भरपूर वेळ घालवा, आपली मंडळीतली पोरं सरळ तिसऱ्यावर उडी मारतात, कारण उत्तरं पाठ असतात. प्रवचन द्यायचं नाही, कोणी पाच मिनिटांच्या वर एकटं बोललं की थांबवायचं, मला पण थांबवतात.

याचा फायदा सांगतो. मार्कचा दुसरा अध्याय, चार जण पक्षाघात झालेल्या माणसाला घेऊन येतात आणि गर्दीमुळे छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. आम्ही सगळे सिमेंटच्या घरातले, छप्पर उकरलं म्हणजे काय ते डोळ्यासमोर येतच नव्हतं. जालन्याकडचा एक पोरगा, ख्रिस्ती नाही, रूममेटसोबत आलेला, तो म्हणाला अहो माळवद असणार ते, आमच्या आजोबांचं घर तसंच आहे, कुदळीनं उकरता येतं पण खाली बसलेल्यांच्या डोक्यावर किती माती पडली असेल, आणि नंतर ते परत कोणी लिंपून दिलं? मी इतकी वर्षं हा उतारा वाचतोय, मातीचा विचार कधी केला नव्हता. त्या संध्याकाळी पाऊण तास फक्त मातीवर आणि त्या चार मित्रांवर बोलणं झालं.

भाषा मात्र सांभाळा. तारण, पापक्षमा, अभिषेक, आशीर्वादित झालो, हे आपल्याला श्वासासारखं आहे, बाहेरच्याला कळत नाही. तारण म्हटलं की एकानं बँकेचं तारण समजलं होतं. शब्द टाळा असं नाही, पण समजावून सांगा. गाण्यांचं, गिटारवरची हिंदी-इंग्रजी गाणी पोरं म्हणतातच, पण कोणी नगरकडचं असेल तर टाळ-मृदंगावरचं भजन एक तरी होऊ द्या, बाहेरून आलेल्याला ते पटकन जवळचं वाटतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर माझं आणि आमच्या कमिटीचं दरवर्षी वाजतं. हे पोरांनीच चालवायचं. पुढं उभं राहणारा, उतारा तयार करणारा, फोन करणारा विद्यार्थीच पाहिजे, आपण मागं भांडी घासायला. मंडळीतल्या मोठ्यांना हे पचत नाही, पोरांना काय कळतं म्हणतात. त्यांना मी गंजीची गोष्ट सांगतो. १८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजची पाच पोरं बाहेर प्रार्थनेला जमली होती, वादळी पाऊस आला म्हणून गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि तिथंच परदेशात सुवार्ता न्यायचं बोलणं झालं. सोबत पाळक नाही, प्रोफेसर नाही. त्यातून चार वर्षांनी परदेशात मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं, आणि त्या बोर्डानं पाठवलेला गॉर्डन हॉल, त्याच कॉलेजात शिकलेला, १८१३ मध्ये मुंबईला उतरला. तिथून अमेरिकन मराठी मिशन, मग नगर. म्हणजे कमिटीत बसून पोरांना काय कळतं म्हणणाऱ्या आमच्या काकांची स्वतःची मंडळी पाच पोरांच्या प्रार्थनेतून आलेली आहे. देशभर युईएसआय ही ख्रिस्ती विद्यार्थ्यांची संघटना १९५४ पासून याच पद्धतीनं चालते, कॉलेजात विद्यार्थ्यांचा गट म्हणजे ईयू आणि शिकून बाहेर पडलेल्यांचा गट म्हणजे ईजीएफ त्यांच्या पाठीशी. कॅथलिक पोरांसाठी आयकफ ही विद्यार्थी संघटना आहे, १९२४ पासूनची. तुमच्या शहरात यांचा ग्रुप असेल तर नवीन दुकान काढू नका, त्यांनाच जाऊन भेटा.

ख्रिस्ती नसलेले मित्र येणार, यावेतच, पण दारातच स्पष्ट सांगायचं की हा बायबल अभ्यास आहे. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, करिअर गायडन्स असल्या नावाखाली बोलावून आत बायबल काढणं मला फसवणूक वाटते. येशू खरं बोलायला सांगतो आणि आपण पोस्टरवरच खोटं, कसं चालेल. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये न विचारता कोणाला ॲड करायचं नाही. हॉस्टेलमध्ये पत्रकं वाटायची नाहीत, रेक्टर नाही म्हणाले तर वाद न घालता बाहेर भेटायचं. घटनेच्या कलम २५ नं धर्म पाळायचा आणि त्याचा प्रचार करायचा हक्क दिलाय, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की प्रचार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. राज्याराज्यांचे कायदे वेगळे आणि बदलत असतात, तर ओळखीच्या वकिलाशी वर्षातून एकदा बसाच. अठराच्या खालची ज्युनिअर कॉलेजची पोरं असतील तर आईवडिलांना माहीत पाहिजे.

आणि कोणी स्वतःहून म्हणालं की मला येशूच्या मागं जायचंय, तर आनंद आहेच, पण घाई करू नका. घरी काय होईल ते विचारा. पोरगा एससीचा असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, म्हणजे दाखला, स्कॉलरशिप सगळ्याचा प्रश्न येतो. हे अन्यायाचं आहे की नाही यावर मी तासभर बोलू शकतो, पण त्याला ते आधी माहीत असायला हवं, नंतर कळलं तर तो म्हणणार तुम्ही लपवलंत, आणि ते खरंच असेल.

मुलींसाठी एक ताई पाहिजेच, त्याशिवाय सुरूच करू नका. हॉस्टेलची वेळ विचारून त्याआधी संपवायचं, बंद खोलीत एकट्या मुलीशी किंवा मुलाशी समुपदेशन नाही, दार उघडं. आणि नापास झालेला, ब्रेकअप झालेला, झोप उडालेला पोरगा आला तर फक्त प्रार्थना करून पाठवू नका. ऐकून घ्या, डॉक्टरकडं न्या, सरकारची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, ती सांगा. डिप्रेशनला कमी विश्वास म्हणणारा एक जण आमच्यात होता, त्याला मी त्या कामातून बाजूला केलं, वाईटपणा आला, येऊ दे.

पैसे जमलेल्यांमधूनच. परदेशातल्या मामांनी डॉलर पाठवतो म्हटलं तर थँक्यू म्हणून नको सांगा, परदेशी नागरिकाकडून आलेले पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाहीत. सबमिशन आणि परीक्षेच्या महिन्यात बायबल अभ्यास बंद, फक्त खिचडी चालू, सातला जेवून आठला पोरं वाचायला बसली पाहिजेत.

फायनल इयरवाल्यांनी जानेवारीतच पुढची टीम ठरवायची, एप्रिलमध्ये कोणालाच वेळ नसतो. द्यायचं काय असतं, फोन नंबरांची वही, खोलीची किल्ली आणि मोठं पातेलं. पातेलं घासून द्यायचं हे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, आमच्याकडं आजवर जेवढी भांडणं झाली त्यातली निम्मी त्यावरूनच.