ग्रंथपालांनी नवी कौशल्ये कशी आत्मसात करावीत आणि संधी कुठे शोधाव्यात

ग्रंथालयात वर्षानुवर्षे काम केलेल्या अनेकांना वाटते की, नवे तंत्रज्ञान शिकायचे म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. हा समज आधी दूर करायला हवा. यंत्राला वाचता येतील अशा नोंदींसाठी ‘मार्क’ हा आराखडा १९६०च्या दशकातच तयार झाला आणि तो ग्रंथालयीन जगातच घडला. पुढे १९९५ मध्ये आलेल्या डब्लिन कोअर या डिजिटल साहित्याच्या नोंदींसाठीच्या मानकाचे शीर्षक, निर्माता, विषय, प्रकाशक, तारीख असे १५ मूळ घटक पाहिले, तर तालिकापत्र (ग्रंथाची माहिती लिहिलेले कार्ड) हाताळलेल्या माणसाला त्यात अनोळखी असे फारसे काही सापडत नाही. म्हणून पहिले कौशल्य निवडताना, आज आपण रोज जे काम करतो त्याला सर्वांत जवळचे काय आहे, हे पाहावे. तालिकीकरण, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी तयार करणाऱ्याने मेटाडेटाकडे, म्हणजे साहित्याचे वर्णन करणाऱ्या माहितीकडे वळावे आणि संदर्भसेवा देणाऱ्याने संशोधनसाहाय्याकडे.

मेटाडेटाची सुरुवात आपल्याच तालिकेपासून करता येते. कोहा किंवा अन्य ग्रंथालय प्रणालीतून काहीशे ग्रंथनोंदी तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढाव्यात आणि ओपनरिफाइन या डेटा स्वच्छ करणाऱ्या मोफत साधनात उघडाव्यात. वाचकांच्या देवघेवीची माहिती मात्र या सरावासाठी चुकूनही घेऊ नये. कोणी काय वाचले हे गोपनीय ठेवणे हा आपल्या व्यवसायाचा धर्म आहे. आता लेखकाचा रकाना पाहावा. ‘रंगनाथन, एस. आर.’, ‘एस. आर. रंगनाथन’ आणि ‘रंगनाथन, शियाळी रामामृत’ अशा तीन नोंदी असतील, तर शब्दांचा क्रम आणि विरामचिन्हे बाजूला ठेवून तुलना करणारी सुविधा पहिल्या दोन नोंदी एकत्र आणून दाखवते. तिसरी नोंद त्याच व्यक्तीची आहे हे तिला कळत नाही. उलट एकाच नावाचे दोन वेगळे लेखक निरनिराळ्या प्रकारे नोंदले असतील, तर ते एकच असल्याचे ती सुचवते. कोणती सुचवणी स्वीकारायची आणि कोणती नाकारायची, हे प्रमाण नावांची (प्रत्येक लेखकाचे नाव एकाच ठरलेल्या रूपात नोंदण्याची) शिस्त अंगी बाणलेली व्यक्तीच ठरवू शकते आणि माझ्या मते या व्यवसायाचे खरे भांडवल तेच आहे. केलेला प्रत्येक बदल आणि त्यामागचे कारण लिहून ठेवावे, कारण पुढे नोकरीसाठी हेच टिपण दाखवता येते.

नावांचा हाच प्रश्न विद्यापीठे आणि संशोधन संस्थांच्या डिजिटल भांडारांतही, म्हणजे त्यांचे लेख व प्रबंध जिथे साठवले जातात तिथेही, भेटतो. तेथे अनेक ठिकाणी २००२ मध्ये आलेली डीस्पेस ही प्रणाली वापरली जाते आणि संशोधकांच्या नावांतील गोंधळ टाळण्यासाठी २०१२ पासून ऑर्किड हा १६ अंकी ओळखक्रमांक उपलब्ध आहे. भांडार सांभाळणाऱ्याला स्वामित्वहक्क आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचे (साहित्य इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारे) परवाने यांची नेमकी जाण असावी लागते, कारण लेखाची कोणती आवृत्ती खुली करता येईल, हा प्रश्न त्याला सतत विचारला जातो.

संदर्भसेवेतून येणाऱ्यांसाठी पद्धतशीर साहित्य आढावा, म्हणजे एखाद्या प्रश्नावरचे सर्व संशोधन ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासणे, हे मोठे क्षेत्र आहे, विशेषतः वैद्यकशास्त्रात. प्रश्नाचे घटक पाडणे, प्रत्येक घटकाचे पर्यायी शब्द आणि नियंत्रित विषयशीर्षके (ठरलेल्या यादीतील विषयनावे) जमवणे, ती ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांनी जोडणे आणि तोच शोध दुसऱ्याला जसाच्या तसा करता येईल अशी नोंद ठेवणे, ही कामे सरावानेच जमतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे या कामाला नवी निकड आली आहे. ही साधने कधीकधी अस्तित्वात नसलेले लेखही अगदी खरे वाटावेत असे उद्धृत करतात. असा संदर्भ हाती आला की त्याचा डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) उघडतो का, उघडलेल्या लेखाचे शीर्षक आणि लेखक तेच आहेत का आणि त्या नियतकालिकाच्या त्या अंकात, त्या पृष्ठांवर तो लेख खरोखर आहे का, हे क्रमाने तपासावे. विद्यार्थ्यांना ही तपासणी शिकवणारी छोटी कार्यशाळा घेता आली, तर अध्यापनाचा अनुभवही गाठीशी येतो.

संशोधन डेटा व्यवस्थापनासाठी २०१६ मध्ये मांडली गेलेली फेअर तत्त्वे समजून घ्यावीत: डेटा शोधता यावा, मिळवता यावा, इतर प्रणालींशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. प्रोग्रॅमिंगचे दडपण घेऊ नये. तक्ते नीट हाताळता येणे, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत साध्या विचारणा लिहिता येणे आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला छोटा कोड वाचता येणे एवढे सुरुवातीला पुरते.

नोकरी शोधताना केवळ ‘ग्रंथपाल’ या पदनामावर थांबू नये. मेटाडेटा विशेषज्ञ, टॅक्सोनॉमिस्ट (विषयांची वर्गवारी ठरवणारा), डेटा स्टुअर्ड (डेटाची निगा राखणारा), ज्ञान व्यवस्थापक, डिजिटल अर्काइव्हिस्ट या नावांनीही शोध घ्यावा. प्रसारमाध्यमे, औषधनिर्मिती कंपन्या, विधी संस्था आणि संग्रहालये यांना अशी माणसे लागतात. अर्जात प्रमाणपत्रांची यादी लांबवण्यापेक्षा एक पूर्ण केलेले काम जोडावे: आधीच्या नोंदी, सुधारलेल्या नोंदी आणि निर्णयांचे पानभर टिपण. तालिका संस्थेची असेल, तर नमुना बाहेर देण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. ती मिळत नसेल, तर खुल्या परवान्याने उपलब्ध असलेल्या ग्रंथनोंदींवर तेच काम करून तो नमुना जोडावा.