कूस बदलली की खोली गरगर फिरते? कानातले कण जागेवर आणायचे कसे

सकाळी गजर बंद करायला कूस बदलली आणि अख्खी खोली फिरायला लागली, पंखा बंद असून तोही गरगरतोय, मळमळतंय, आणि मिनिटभरात सगळं शांत. मला पहिल्यांदा झालं तेव्हा बीपीच वाटलं होतं, निघाला कान!

आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या भागावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण बसलेले असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं हललं तसे तेही घरंगळतात, नळीतलं पाणी हलतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. याला बीपीपीव्ही म्हणतात. गोळीने गरगरणं दबतं पण कण हलत नाहीत, म्हणून नुसत्या गोळ्या खात बसण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

आधी हे तुमचंच दुखणं आहे का ते बघा. मान हलवल्यावरच येणारी, मिनिटाच्या आत थांबणारी चक्कर असेल तर बहुतेक हेच. कानात दडे बसतात, आवाज येतो, कमी ऐकू येतं आणि चक्कर तासन् तास टिकते, तर मेनिअरचा आजार असू शकतो. दिवसभर सलग गरगरत असेल तर तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज असू शकते, त्याला खाली दिलेली युक्ती चालत नाही. बोलताना जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं, अचानक भयंकर डोकेदुखी किंवा उभंच राहता न येणं, यातलं काहीही असेल तर वाचत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

आता कण कोणत्या कानात सुटलेत ते ओळखायचं. पलंगावर पाय लांब करून बसा, उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर खांद्यांखाली येईल. मान उजवीकडे 45 अंश वळवून पटकन मागे झोपा. दोनचार सेकंदांनी गरगरलं तर उजवा कान, नाहीतर उठून जरा थांबून डावीकडे तेच करा. शेजारी कुणीतरी हवंच, त्यांना डोळ्यांकडे बघायला सांगा, बुबुळं झटके देत फिरताना दिसतात.

समजा उजवा निघाला, तर एपली मॅन्युव्हर, म्हणजे कण जागेवर आणायची युक्ती, अशी:

1. तसंच मान उजवीकडे वळवून मागे झोपा, डोकं थोडं मागे झुकलेलं. चक्कर येईल, येऊ द्या, डोळे मिटू नका. थांबल्यावर अजून 30 सेकंद पडून राहा.
2. डोकं न उचलता डावीकडे 90 अंश वळवा, परत 30 सेकंद.
3. आता अख्खं अंग डाव्या कुशीवर, डोकंही सोबत वळवून नाक जमिनीकडे. इथे घाई होते सगळ्यांची, पूर्ण 30 सेकंद मोजा.
4. पाय खाली सोडून हळूच उठून बसा, हनुवटी किंचित खाली, लगेच उभं राहू नका.

डावा कान असेल तर सगळं उलट. पहिल्यांदा ईएनटी डॉक्टरांकडूनच करून घेतलेलं बरं, हात बसला की घरी जमतं. मानेचं किंवा मणक्याचं दुखणं, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. पुढे एखाद-दोन दिवस डोकं जरा हलकं, तरंगल्यासारखं वाटू शकतं, गाडी मात्र तोवर चालवू नका. आठवड्यात फरक नाही पडला तर कण वेगळ्या नळीत असतील, त्याची युक्ती वेगळी असते, परत दाखवा.