काडीकचऱ्यापासून बायो-ऑइल: कॅटॅलिस्टला दोष देण्याआधी या चुका टाळा

काडीकचरा हवेशिवाय झपाट्याने तापवायचा आणि निघणाऱ्या वाफा थंड करून तेल धरायचं, याला पायरोलिसिस म्हणतात, आणि ते तेल म्हणजे बायो-ऑइल. तेल कमी आलं, पाणचट आलं की लोक लगेच कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनला वळण देणारा पदार्थ) बदलायला निघतात. थांबा जरा, बहुतेक वेळा गडबड त्याच्या आधीच झालेली असते.

आधी ओल बघा. भुसा हाताला कोरडा लागतो म्हणून चालत नाही, ओलावा १० टक्क्यांच्या खाली पाहिजे, नाहीतर ते सगळं पाणी तेलात उतरतं, रिअ‍ॅक्शनमध्ये बनणारं पाणी वेगळंच, आणि एकूण पाणी ३० टक्क्यांच्या वर गेलं की तेल फाटतं, खाली डांबरासारखा थर आणि वर आंबट पाणी.

पण खरा घात करते ती राख, म्हणजे काडीकचऱ्यातली खनिजं, आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही. पेंढ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते स्वतःच कॅटॅलिस्टसारखं वागतं, फक्त आपल्याला नको त्या दिशेने: वाफा तोडून गॅस, पाणी आणि कोळसा वाढवतं. म्हणून लाकडाच्या भुशातून वजनाच्या ६०-७५ टक्के तेल मिळतं, पण पेंढ्यातून तेवढं मिळत नाही. साध्या पाण्याने धुतला तरी बरंच पोटॅशियम निघून जातं (शेतात पावसाने धुतला गेलेला पेंढा यासाठी चक्क चांगला), मात्र नंतर परत नीट वाळवायचा.

तापमान साधारण ५०० डिग्री, तुकडे २-३ मिमीचे, आणि वाफ दोनेक सेकंदात बाहेर. जाड तुकडे हळूहळू तापतात आणि कोळसाच जास्त होतो. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरपर्यंतचा पाइप ४०० डिग्रीच्या आसपास गरम ठेवा, मध्येच थंड पडला तर आतून चिकट डांबर धरतं आणि लाइन चोक होते. गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, तेव्हा बंद खोलीत हे अजिबात करू नका.

आता कॅटॅलिस्ट. झेडएसएम-५ (झिओलाइट जातीचा कॅटॅलिस्ट) टाकलं की तेल वाढेल ही अपेक्षाच चुकीची, ते ऑक्सिजन काढतं, तेल कमी पण चांगलं येतं. त्यावर कोक (कोळशाचा थर) जमतो, तो हवेत ५००-६०० डिग्रीला जाळून काढता येतो, पण हवा सोडण्याआधी नायट्रोजनने रिअ‍ॅक्टर साफ करा.

तयार तेलाचा पीएच २-३ असतो, साध्या लोखंडी पिंपात ठेवलं तर पिंप खातं, स्टेनलेस स्टील वापरा. आणि डिझेलसारखं डिस्टिल करायला जाऊ नका, तापवलं की घट्ट होऊन तळाला कोळसा धरतो. नुसतं ठेवूनही ते घट्ट होत जातं, त्यासाठी १० टक्क्यांपर्यंत मेथॅनॉल घालतात, तेही ताजं असतानाच.