ग्रहांच्या कक्षा आणि विश्वाचे स्थिरांक: बादरायण संबंध लावताना या चुका टाळा

प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सरासरी २९.७८ किलोमीटर पळते. भागाकार करा: १०,०६७. कॉलेजात असताना हे उत्तर पाहून माझी झोप उडाली होती. जवळजवळ दहा हजार, म्हणजे इथे काहीतरी दडलंय! सकाळी शुक्र घेतला, आले ८,५६१. मंगळ १२,४५५. बुध ६,३३०. संपलं.

एका ग्रहावरून नियम बांधायचा, ही सगळ्यात नेहमीची चूक. स्थिरांक साऱ्या विश्वाला सारखा असेल, तर तो आपल्याच ग्रहाला झुकतं माप का देईल? आकडा खोटा नाही, बरं का. पृथ्वीच्या या धावण्यामुळे तारे २०.५ विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सरकलेले दिसतात आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडलीने अठराव्या शतकातच ते मोजलं होतं. पण आपण सूर्यापासून किती लांब राहतो, एवढंच तो सांगतो.

दुसरी गफलत एककांची. वर्षात साधारण ३.१५६ कोटी सेकंद असतात, म्हणजे जवळपास 'पाय कोटी' (पाय म्हणजे वर्तुळाचा π, ३.१४). तोंडी हिशेबाला झकास, मीही वापरतो. पण दिवसाचे ८६,४०० तुकडे माणसाने पाडलेत. पंचांगातल्या घटिका-पळांत मोजा: दिवसाची ३,६०० पळं, वर्षाची सुमारे १३.१५ लाख. पाय गायब! एकक बदलल्यावर जो चमत्कार विरतो, तो एककाचाच होता.

याच जातीचा एक फॉरवर्ड दर काही महिन्यांनी फिरतो: गिझाच्या पिरॅमिडचा अक्षांश २९.९७९२४५८ आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. आता पिरॅमिडची बाजू आहे सुमारे २३० मीटर. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. म्हणजे पिरॅमिडनेच अंशाचे दोन हजारांश व्यापलेत, आणि दशांश चिन्हानंतरचा सातवा अंक सेंटिमीटरभराचा! पुढचे अंक आपल्या सोयीने निवडलेले असतात. शिवाय मीटर ठरला तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात.

सूत्र जुळावं म्हणून लावलेल्या ठिगळांबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथे भलेभले फसले. टिशियस-बोडेचं सूत्र: ०, ३, ६, १२, २४ असं दुप्पट करत जा, प्रत्येकात ४ मिळवा, दहाने भागा, की ग्रहांची सूर्यापासूनची अंतरं खगोलीय एककात (पृथ्वीचं अंतर म्हणजे १) येतात. १७८१ साली युरेनस सापडला. सूत्र म्हणत होतं १९.६, निघाला १९.२. १८०१ च्या पहिल्याच दिवशी इटलीतल्या पियाझ्झीला सेरीस हा लघुग्रह दिसला, २.८ च्या रिकाम्या जागी. लोकांचा विश्वास बसणारच. मग १८४६ मध्ये नेपच्यून आला: सूत्रानुसार ३८.८, प्रत्यक्षात ३०.१. खरं तर ठिगळ पहिल्याच पायरीवर होतं. तीनच्या आधी दीड यायला हवा, पण बुध बसावा म्हणून शून्य घातलेलं. तसंच खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने सूक्ष्मरचना स्थिरांकाचा (विद्युतचुंबकीय बलाचा जोर सांगणारी, एकक नसलेली संख्या) व्यस्त शुद्ध तर्काने १३६ काढला. मोजमापं १३७ कडे सरकली तसा त्याने एक वाढवला. त्यावरून त्याला 'ॲडिंग-वन' (एक मिळवणारा) म्हणून चिडवत.

तुमचं ग्रहकक्षांचं गणित पाचव्या अंकाला फिसकटत असेल, तर नवं बल शोधायला धावू नका. तुम्ही गुरुत्व स्थिरांक आणि सूर्याचं वस्तुमान वेगवेगळं घातलंय का, ते बघा. तो स्थिरांक प्रयोगशाळेत फार अचूक मोजता येत नाही. कक्षांवरून मिळतो तो दोघांचा गुणाकार, तोही कितीतरी जास्त अंकांपर्यंत. सरळ गुणाकारच वापरा: १.३२७१२४४ × १०²⁰, मीटर-सेकंदात.

खरा संबंध कसा दिसतो, तेही पाहून ठेवा. हा गुणाकार प्रकाशवेगाच्या वर्गाने भागला की येतात १.४७७ किलोमीटर. त्याला सहा पायने गुणा, बुधाच्या कक्षेच्या ५.५४६ कोटी किलोमीटरांनी (अर्धा मोठा अक्ष, लंबवर्तुळाची दुरुस्ती धरून) भागा. बुधाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःही हळूहळू फिरते; ही झाली एका फेरीतली तिची जादा सरक, रेडियनमध्ये (कोन मोजायचं एकक). शतकातल्या ४१५ फेऱ्यांची मिळून होते ४३ विकला. न्यूटनच्या हिशेबात न बसणारी नेमकी तेवढीच सरक उरली होती आणि १९१५ मध्ये आइनस्टाइनने तिचा उलगडा केला. हेच सूत्र शुक्राला लावा, ८.६. पृथ्वीला लावा, ३.८. कुठेही शून्य घुसडावं लागत नाही.