तुरटीच्या खड्यावर शहर कसं उभं करायचं

दर शनिवारी रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर चौघं फासे घेऊन कल्पित जगातली पात्रं होऊन खेळायला बसतात आणि मी गेम मास्टर असते, म्हणजे ते जग आणि गोष्ट रचून खेळ चालवणारी. या खेळासाठी रचलेलं माझं पहिलं व्यापारी शहर दोन सेशनमध्येच कोसळलं. पाच घराणी, पाच रंगांचे झेंडे, प्रत्येक घरात एक कपटी काका, नुसती वंशावळच चौदा पानं. मग एका मैत्रिणीने विचारलं, "पण हे लोक विकतात काय?" मी म्हटलं, "मसाले वगैरे." त्या 'वगैरे'तच शहर बुडालं.

म्हणून आता आधी माल ठरवते. एकच माल, आणि तोही दिसायला फालतू. सोनं-रेशीम कुणालाही सुचतं. मी तुरटी घेतली, दाढी झाल्यावर न्हावी गालावर फिरवतो तीच. कापडावर रंग पक्का बसायला तुरटी लागते, त्यामुळे मध्ययुगीन युरोपातल्या कापडधंद्याची नाडी तिच्या हातात होती. 13व्या शतकात जेनोवाच्या झकारिया घराण्याने आशिया मायनरमधल्या फोकायाच्या तुरटीवर गडगंज पैसा केला. पुढे पोपच्या मुलखात टोल्फाला तुरटी सापडली आणि 1466 साली फ्लॉरेन्सचं मेदिची हे सावकार घराणं त्या धंद्यात शिरलं. 1472 मध्ये व्होल्तेराच्या तुरटीच्या खाणीवरून भांडण पेटलं, आणि फ्लॉरेन्सच्या फौजेने ते गाव लुटलं. न्हाव्याच्या पेटीतल्या खड्यापायी! एवढं सांगितलं की प्लेयर मोबाइल बाजूला ठेवतात.

आता एका कागदावर मालाची वाट काढा. खाण, खेचरं, वखार, काटा, धक्का, गलबत, परमुलखातलं गिऱ्हाईक आणि पैसे घेऊन परत. या वाटेवर जिथे कुणी हात आडवा घालून "आमचं काय?" विचारू शकतो, तिथे एक घराणं बसवा. तीन पुरेत. माझ्या शिडवली शहरात एकाकडे खाण आहे, दुसऱ्याकडे गलबतं, तिसऱ्याकडे वखार आणि हुंडीची पेढी. नावं मी भारदस्त ठेवली होती, पण प्लेयर त्यांना 'वरचे', 'धक्क्यावाले' आणि 'पेढीवाले'च म्हणतात. म्हणू द्या.

पुढची पायरी मात्र घाईत उरकू नका. माझे बाबा सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. शेजारशेजारच्या दोन अडत्यांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं, लग्नाची पत्रिकासुद्धा जात नसे. पण एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या गल्ल्यावर बिनबोभाट वटायची. मी लहानपणी विचारलं होतं, असं कसं? बाबा पेनाचं टोपण लावत म्हणाले, "नाही वटवली तर उद्या याची चिठ्ठी तिकडे कोण घेईल?" शहरातली घराणी अशी हवीत. कागदावरच्या एका घराण्यावर अंगठा ठेवून झाका. उरलेल्या दोघांची चूल आठवडाभरात विझत नसेल, तर ते भांडण नुसतं युद्ध आहे, कुणीतरी जिंकेल आणि कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, संपेल. माझ्या पहिल्या शहरात नेमकं हेच झालं. दुरुस्ती सोपी आहे: खाणवाल्यांना गलबत बांधायला बंदी आहे, गलबतवाल्यांची शिडं पेढीकडे गहाण आहेत, आणि पेढीची निम्मी येणी खाणवाल्यांकडे अडकली आहेत.

राज्य कोण करणार, ते व्हेनिसकडून उचला. तिथे 1268 पासून दोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, निवडायची पद्धत अशी: चिठ्ठ्या टाकून 30 जण काढायचे, त्यांतून चिठ्ठीनेच 9, त्यांनी 40 निवडायचे, त्यातून चिठ्ठीने 12, त्यांनी 25, मग 9, मग 45, मग 11, आणि त्यांनी निवडलेल्या 41 जणांनी दोजे ठरवायचा. चिठ्ठीच्या गोळ्या एक लहान मुलगा काढायचा. एवढा द्राविडी प्राणायाम का, तर कुठल्याही घराण्याला आधी कुणाला पैसे चारायचे ते कळू नये. टेबलावर हे सगळं खेळवायला गेलात तर पहाट होईल. मी तीन फेऱ्या ठेवते, पिशवीत रंगवलेले चिंचोके घालते, आणि मैत्रिणीच्या आठ वर्षांच्या लेकीला काढायला लावते. तिला चॉकलेट द्यायचा प्रयत्न दोन प्लेयरनी केला. तो खेळातच धरला.

प्लेयरना या भांडणात घुसवायचं कसं? इटलीतल्या बऱ्याच शहरांनी घराण्यांच्या मारामाऱ्यांना कंटाळून बाहेरगावचा माणूस साधारण वर्षभरासाठी न्यायाधीश-कारभारी म्हणून आणला. त्याला पोदेस्ता म्हणत. मुदत संपली की त्याच्या कारभाराची तपासणी व्हायची, मगच सुट्टी. पगार चांगला, मित्र शून्य. एका प्लेयरला हे पद द्या, बाकीचे त्याचे कारकून, पहारेकरी, स्वयंपाकी. सगळे उपरे असल्याने शहराची माहिती तुम्हाला कंटाळवाण्या भाषणातून द्यावी लागत नाही. ते विचारतात, तुम्ही सांगता.

सौद्यासाठी फासे वापरू नका, रुमाल वापरा. आपल्या बाजारांत हत्ता पद्धत होती: दोघं हातावर रुमाल टाकून बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता बघायचा. त्यापायीच ती बदनाम झाली. खेळात मात्र ती जादू करते. आमचा नियम असा: धरलेली बोटं तेवढ्या मोहरा, अख्खा पंजा पाच, मनगट दहा, तळहातावर नख ओढलं की "नाही". मी आईचा ओट्यावरचा नॅपकिन घेते, हळदीच्या डागांसकट. पहिल्यांदा खेळलो तेव्हा तोंडाने एक प्लेयर "छे, परवडत नाही हो" म्हणत होता आणि नॅपकिनखाली माझं मनगट घट्ट धरून बसला होता. उरलेले तिघं मान वाकडी करून त्याच्या चेहऱ्यावरून आकडा ताडत होते. पंधरा मिनिटं कुणी चहालासुद्धा उठलं नाही.

पहिल्या सेशनला नकाशा देऊ नका, एक हुंडी द्या. जाड कागदावर चहाचं पाणी फिरवून वाळवा आणि लिहा: पेढीवाल्यांनी धक्क्यावाल्यांना, आणणाऱ्यास 400 मोहरा, पौर्णिमेच्या आत. खाली सही. ही हुंडी मेलेल्या खेचरवाल्याच्या पगडीत सापडली आहे, आणि पौर्णिमा परवा आहे. आमच्या चौघांनी ती अजून वटवलेली नाही. सध्या ती पोदेस्ताच्या स्वयंपाक्याने मिठाच्या बरणीत लपवली आहे, आणि बरणी कुणीतरी हलवली आहे हे मला एकटीला माहीत आहे.